ठुमकीची सकाळची गुंगी

ठुमकी उभ्या उभ्या पेंगते हे आधी कुणाच्या लक्षात आलं, यावर आमच्या घरात नंतर कितीतरी वर्षं वाद चालला. आई म्हणायची, मी मटार सोलत होते, एक शेंग तिच्यापुढं टाकली आणि तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझं म्हणणं असं की त्याच्या दोन दिवस आधीच मी तिला पेरूच्या झाडाखाली डुलताना पाहिलं होतं, आणि तिची चोच हळूहळू खाली येत मातीला टेकली होती. कोंबडी झोपते तेव्हा पिसं फुगवून, मान पाठीत खुपसून, शहाण्यासारखी बसून झोपते. ही उभी होती. मधेच दचकून डोळे उघडायची, दोन पावलं टाकायची, त्यातलं दुसरं पाऊल भलतीकडंच पडायचं, आणि पुन्हा डोळ्यावर ती खालून वर येणारी पांढुरकी पापणी चढायची. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, आणि घरात माझं स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं त्यात ही कोंबडी पहिली होती.

ती मेळ्यातून आलेली. हिवाळ्यात मेळा भरायचा तेव्हा तिथं एक माणूस टोपलीत रंगवलेली पिल्लं घेऊन बसायचा, गुलाबी, हिरवी, निळी. मी गुलाबी घेतलं. असली पिल्लं आठवड्यात मरतात असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण हे मेलं नाही. गुलाबी रंग उडाला, खालून तांबूस पिसं आली, आणि वर्षभरात ती अंगणभर कुल्ले हलवत ठुमकत चालणारी बाई झाली, म्हणून ठुमकी. आमचं घर मराठ्यांचं. रविवारी मटणाचा रस्सा व्हायचा आणि कधीमधी कोंबडीही, पण ठुमकीकडं त्या नजरेनं कुणी पाहिलं नाही. बाबा तर तिच्याशी हिंदीत बोलायचे. “क्या मॅडम, आज अंडा नहीं?” असं रोज कचेरीत जाण्याआधी विचारायचे. बाबा कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून. आमचे पूर्वज मराठी फौजेतून इकडं उत्तरेत आले होते. त्यातलं आता घरात बाबांच्या मिशा तेवढ्या उरल्या आहेत, असं आई म्हणायची.

आम्ही तेव्हा जयेंद्रगंजात एका घराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. पुढं रस्ता, दुकानं, दिवसभर टांग्यांच्या घोड्यांच्या टापा. मागं मात्र एक फरशी घातलेलं अंगण, त्याच्या कडेला मातीचा पट्टा, मोरी, आणि ते पेरूचं झाड. हिवाळ्यात आमचं घर खरं तर त्या अंगणातच राहायचं. सकाळी धुकं इतकं की झाडाचा बुंधा दिसायचा, फांद्या नाही. साडेसात-आठला ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलं की त्याच्याबरोबर आम्हीही सरकायचो: आईची परात, बाबांचं दाढीचं सामान, माझी पुस्तकं. आतून स्टोव्हचा आवाज आणि पोह्यांना दिलेल्या फोडणीचा वास यायचा. संध्याकाळी शेगडीभोवती बसून गजक खायची, आणि तिचे तीळ दातात अडकले की ते काढत अभ्यास करायचा. पुण्याच्या मावशा आमच्या मराठीला हसायच्या. “सुमी, तू काय करून राहिली आहेस म्हणजे? करते आहेस म्हण,” अशा सुधारायच्या. मी त्यांच्यापुढं सुधारून बोलायची आणि त्या गेल्या की पुन्हा करून राहायची. अजूनही राहते.

त्या हिवाळ्यात घरात आणखी एक माणूस होतं, माझी विजूआत्या. बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन उज्जैनला गेली, तिथं तिचं बाळ जन्मतःच गेलं, आणि त्यानंतर तिची झोप गेली. झोप गेली ती इतकी, की ती दिवसरात्र बोलायला लागली, सगळ्यांचे स्वेटर एकाच वेळी विणायला घ्यायला लागली, आणि एके दिवशी अनवाणी चालत स्टेशनवर जाऊन बसली. सासरच्यांनी बाबांना तार केली. बाबा जाऊन तिला घेऊन आले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळी दिली, गुलाबी रंगाची, हरभऱ्याच्या डाळीएवढी, रोज सकाळी एक. गोळीनं आत्या शांत झाली. फार शांत झाली. खुर्चीत बसवलं की दुपारपर्यंत तिथंच असायची. सुईत दोरा ओवायला लागली तर हात थरथरायचे, आणि बोलायला तोंड उघडलं की शब्द यायला वेळ लागायचा, तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असायचा. ती गोळी तिला देण्याचं काम माझ्याकडं होतं. आई म्हणाली होती, तुझ्या हातून घेईल, माझ्या हातून संकोचते. चहा-पोहे झाले की मी गोळी आणि पेलाभर पाणी न्यायची, ती घोट घ्यायची, पेला मला परत द्यायची, मी आईला ओरडून सांगायची, “घेतली.”

तर ठुमकी पेंगायला लागली, आणि घरात प्रत्येकाचं आपापलं निदान तयार झालं. आईचं म्हणणं थंडी. तिनं ठुमकीच्या खुराड्यात जुनं घोंगडं घातलं आणि दाण्यात लसूण ठेचून घालायला सुरुवात केली. बाबांचं म्हणणं वय, आणि हे ते अशा आवाजात म्हणाले की स्वतःबद्दल बोलत असावेत. आत्या ठुमकीजवळ जाऊन बराच वेळ बसली, तिच्या पाठीवरून बोट फिरवत. लसणानं काही झालं नाही. घोंगड्यानंही नाही. अंडं बंद झालं. पाचव्या-सहाव्या दिवशी ती चालता चालता मोरीत पडली आणि तिथंच पडून राहिली, तेव्हा मी तिला कापडी पिशवीत घातलं, डोकं तेवढं बाहेर ठेवलं, आणि नसीमखालाकडं गेले.

नसीमखाला दाल बाज़ाराच्या मागच्या गल्लीत राहायची. बाजारात गाड्यांवरून पोती उतरताना जे धान्य सांडायचं त्यावर तिच्या पंचवीस-तीस कोंबड्या वाढत. आई तिच्याकडून अंडी घ्यायची, त्यामुळं ओळख होती. उंच, हाडकुळी बाई, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिनं पिशवी घरात आणू दिली नाही. उंबऱ्याच्या बाहेरच बसली, न जाणो माझ्या कोंबड्यांना लागण झाली तर, म्हणाली. मी घाईघाईनं सांगायला लागले, खाला, इसको ठंड लग गई है. तिनं हात वर केला. “पहले मैं देखूँगी. तू बाद में बोलना.”

आणि मग तिनं जे केलं ते मी आयुष्यभर विसरले नाही. तिनं ठुमकीला मांडीवर उलटी धरली आणि कुठलीही घाई न करता वरपासून खालपर्यंत वाचली. तुरा लालभडक आहे की फिका पडलाय. डोळ्यांत पाणी आहे का, नाकपुड्या ओल्या आहेत का. चोच उघडून आत वास घेतला. गळ्याखाली दाण्याची पिशवी असते, तिला ती पोटा म्हणायची, ती दोन बोटांनी दाबून पाहिली आणि मलाही दाबायला लावली. आत दाणे वाळूसारखे सरकत होते. पंखाखाली पिसं उलटी करून उवा शोधल्या. पोटाखाली बोट लावून अंडं अडकलंय का ते पाहिलं. तळपाय पाहिले. पिशवीत ठुमकीनं घाण केली होती, तीसुद्धा काडीनं पसरून पाहिली. प्रत्येक गोष्ट पाहून झाली की ती नुसतं “ठीक” म्हणायची. सगळं ठीक निघालं. शेवटी तिनं मला विचारलं की ही दिवसभर अशीच असते का. मी विचार केला आणि माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं की नाही, संध्याकाळी शाळेतून येऊन मी तिला दाणे टाकते तेव्हा ती धावत येते.

खालानं ठुमकीला परत पिशवीत घातलं आणि म्हणाली, “बीमार मुर्ग़ी शाम को ठीक नहीं होती, बेटा. ये कुछ खा रही है. घर जा, इसके साथ बैठ. एक पूरा दिन.”

परवा माझ्या नातीनं गंमत म्हणून फोनला विचारलं, कोंबडी पेंगत असेल तर काय झालं असेल. फोननं भली मोठी यादी दिली, सगळे रोग बरोबर होते. पण दिवसभर तिच्याजवळ बस, असं त्यात कुठंच नव्हतं. मी पुढं सत्तावीस वर्षं मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात काचपट्ट्या तपासल्या. तिथंही नव्या मुली आल्या की मी त्यांना हेच सांगायची, आधी बघ, नाव नंतर दे. त्यांना वाटायचं मी कुठल्या मोठ्या प्राध्यापकाकडून शिकले असेन.

दिवसभर बसायला रविवारच हवा होता. तोवर मी भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर वेळा टिपायला लागले. सकाळी सात: ठीक, खुराड्यातून उडी मारली. नऊ: एक डोळा बंद. शाळेला सुट्टी झाली त्या एका दिवशी अकराला: मोरीजवळ आडवी. चार: उठली. पाच: आईच्या परातीतून पोहे चोरले. तीन दिवसांचं लिहून झालं तेव्हा कळलं की जे काही होतं ते सकाळी सात ते नऊच्या मधे होतं. म्हणजे अंगणात आम्ही सगळे असताना, आमच्या डोळ्यांदेखत.

रविवारी मी पाण्याच्या टाकीवर चढून बसले, दोन स्वेटर घालून, पुस्तक उघडं ठेवून. धुकं विरळ होत होतं. आतून मटणाचा मसाला भाजल्याचा वास येत होता. ठुमकी मातीत उकरत होती. तिनं एक गांडूळ खाल्लं, ते मी लिहिलं. चुन्याचा पापुद्रा खाल्ला, तो लिहिला आणि त्याखाली रेघ मारली, कारण मला वाटलं हेच. मग मी उतरून आत्याला गोळी आणि पाणी दिलं, तिनं घोट घेतला, मी “घेतली” म्हणून ओरडले आणि परत टाकीवर जाऊन बसले. आत्या न्हालेली होती. केस वाळवायला ती उन्हात पेरूच्या झाडाखाली गेली. तिला जरा ठसका लागला, तिनं पदर तोंडाला लावला, मग हात खाली सोडला आणि पायानं माती सारखी केली. ती वळली न वळली तोच ठुमकी तुरुतुरु धावत तिथं गेली, एकदा उकरलं, एकदा चोच मारली, आणि काहीतरी गिळलं. काय ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. पण नऊ वाजता तिचा एक डोळा मिटला.

दुसऱ्या दिवशी आत्या झाडाकडं जाण्याआधीच मी ठुमकीला टोपलीखाली झाकली आणि वर वीट ठेवली. आत्या ऊन खाऊन आत गेल्यावर झाडाखाली गेले आणि काडीनं माती उकरली. गोळी होती. अर्धी विरघळलेली, मातीनं माखलेली, पण गुलाबी. त्या दिवशी मी पोट दुखतंय म्हणून शाळेत गेले नाही. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. टोपलीतून सोडलेली ठुमकी अंगणभर ठुमकत फिरत होती.

मला पहिल्यांदा झाला तो आनंदच. कोडं सुटल्याचा. मी अंगणात एकटीच उड्या मारल्या असतील. आणि मग खोलीतून आत्याच्या गुणगुणण्याचा आवाज आला. ती भरभर विणत होती, मधल्या टाक्यांची वेल असलेली नक्षी, जी तिला गेलं वर्षभर जमली नव्हती. मी वही उघडली. ठुमकी पेंगायला लागली त्या आठवड्यातच आत्या बाबांच्या कुठल्याशा विनोदावर हसली होती आणि आईनं देवापुढं साखर ठेवली होती. गेले पंधरा दिवस घरात सगळे म्हणत होते, गोळी लागू पडली; आई म्हणायची, वन्संना किती बरं वाटून राहिलं आहे. गोळी कोंबडीला लागू पडत होती. आणि रोज “घेतली” असं ओरडून सांगणारी मी होते.

आई बाजारात गेली तेव्हा मी आत्यासमोर जाऊन तळहात उघडला. तिनं गोळीकडं पाहिलं. मला वाटलं ती नाकबूल करील, पण ती म्हणाली, “कुठं मिळाली?”

“झाडाखाली. ठुमकी रोज खाते. म्हणून ती पडते.”

आत्याच्या हातातल्या सुया खाली आल्या. तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं गोळी मातीत विरून जाते. ती उठली, अंगणात गेली, ठुमकीला उचलून मांडीवर घेऊन फरशीवर बसली आणि रडायला लागली. ठुमकी मात्र अंग सोडवून घ्यायला बघत होती, कारण तिला त्या दिवशी चांगली भूक लागली होती.

रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, सांगशील का. मी म्हटलं, माहीत नाही.

“सांगितलंस तरी मी रागावणार नाही,” ती म्हणाली. “पण सुमी, ती गोळी घेतली की माझी सकाळ जाते. दुपारी मला कळतं की सकाळ होऊन गेली. रोज.”

मी म्हटलं, मग बाबांना सांग ना तसं. ती म्हणाली की एकदा सांगितलं होतं, तर दादा म्हणाला, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि डॉक्टरांकडं गेलं की डॉक्टर दादालाच विचारतात, झोप कशी आहे, खाणं कसं आहे, आणि दादाच उत्तर देतो. त्याची उत्तरं चुकीची नसतात, ती म्हणाली, फक्त ती बाहेरून दिलेली असतात.

मग आम्ही एक करार केला. आज तो आठवला की मला घाम फुटतो, कारण मला आता मुलगी आहे, नात आहे, आणि तेरा वर्षांची पोर किती लहान असते हे मला ठाऊक आहे. करार असा: आत्या गोळी मातीत टाकणार नाही, माझ्या हातात देईल. मी कुणाला सांगणार नाही. पण लागोपाठ दोन रात्री तिला झोप लागली नाही, तर ती स्वतः बाबांना सांगेल. मी विचारलं, “पण तुला कळेल का?”

“मागच्या खेपेला नव्हतं कळलं,” ती म्हणाली. “मला तेव्हा वाटत होतं मी फारच छान आहे. तू बघ. ठुमकीला बघतेस तसं.”

आणि मी बघायला लागले. कंपासपेटीत रोज एक गोळी जमत होती. वहीत ठुमकीचं पान संपलं, कारण ठुमकी चौथ्या दिवशी अंडं देऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली होती. बाबांनी “वा मॅडम” म्हणून ते तळून खाल्लं. आत्याचं पान सुरू झालं. नसीमखालानं शिकवलं तसंच, एका खुणेवर जायचं नाही, सगळं वरपासून खालपर्यंत पाहायचं आणि रोज पाहायचं. किती खाल्लं. किती बोलली. बोलताना दुसऱ्याचं ऐकते का. हात थरथरतात का. पहिले सात-आठ दिवस सगळ्यापुढं मी “ठीक” लिहिलं, आणि ते खरं होतं. मी तिला इतकी छान कधीच पाहिली नव्हती. आम्ही पाटणकर बाजारात लोकर आणायला गेलो, तिथं तिनं दुकानदाराला विणकामातली एक चूक दाखवली आणि तो बिचारा पाहतच राहिला. येताना कचोरी खाल्ली. ती मला तिच्या शाळेच्या गोष्टी सांगत होती आणि मधे थांबून माझंही ऐकत होती. मला वाटायला लागलं की डॉक्टर, बाबा, आई, सगळे चुकलेत आणि आम्ही दोघीच शहाण्या.

नवव्या दिवशी तिनं आईचं बोलणं मधेच तोडलं. ते मी लिहिलं. दहाव्या दिवशी सकाळी गेले तर तिच्या पलंगावरची रजई जशी संध्याकाळी मी घडी करून पायथ्याशी ठेवली होती तशीच, तीच घडी, तोच कोपरा दुमडलेला; आणि आदल्या दिवशी वीतभर असलेला स्वेटरचा पुढचा भाग बगलेपर्यंत आला होता. अकराव्या दिवशी रजई पुन्हा तशीच. आत्या खिडकीशी उभी होती, डोळे चकाकत होते, आणि ती एकदम बोलायला लागली की आपण अंगणात शंभर कोंबड्या पाळू, दाल बाज़ारातून धान्य आणू, खालाला भागीदार करू, तू शाळा सोड. आधी मला त्यात मजा वाटली. वाक्याला वाक्य लागून येत होतं, आणि मी मधे काही म्हटलं ते तिला ऐकू गेलं नाही. तेव्हा मला भीती वाटली.

मी म्हटलं, “आत्या, तू दोन रात्री झोपली नाहीस.”

ती म्हणाली, झोपले की. छान झोपले. मी रजईकडं बोट दाखवलं आणि घडीचं सांगितलं. मग वही तिच्यापुढं धरली. ती वाचायला तयार नव्हती, मग उभ्या उभ्याच वाचायला लागली. वाचता वाचता तिचा श्वास हळू झाला. तिच्या तोंडावर काय काय आलं ते मला लिहिता येणार नाही. ती माझ्यावर चिडली होती हे नक्की. तिचा हात वहीवर इतका घट्ट होता की पान चुरगळलं. ते पान अजून माझ्याकडं आहे. मग तिनं वही मला परत दिली, खुंटीवरची शाल काढली, अंगाभोवती गुंडाळली, आणि अंगणात बाबा दाढी करत होते तिथं जाऊन उभी राहिली.

“दादा,” ती म्हणाली, “मी गोळी घेत नाही. महिना झाला असेल. मला आज डॉक्टरांकडं ने.”

बाबांची अर्धी दाढी झाली होती. त्यांनी आरशातून तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं. मला माहीत होतं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. किती दिवस? अकरा. त्यांनी टॉवेलनं साबण पुसला आणि तसेच, अर्ध्या गालावर खुंट ठेवून, कपडे करायला आत गेले. आई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलली तेव्हा एवढंच म्हणाली की त्या अकरा दिवसांत आत्या कुठं निघून गेली असती तर तू काय केलं असतंस. मी बरोबर केलं असं मला वाटत नाही. चूक केलं असंही म्हणवत नाही. एवढं खरं की मी गोळी सापडली त्याच दिवशी ओरडले असते, तर पुढचं जे झालं ते झालं नसतं.

दवाखान्यात बाबांनी मलाही नेलं, वहीसकट. डॉक्टर वयस्क होते, थकलेले, बाहेर बाकांवर रोग्यांची रांग. आम्ही आत गेलो, आत्या खुर्चीवर बसली, तिचा पाय सारखा हलत होता. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणं तिच्या डोक्यावरून बाबांकडं पाहिलं आणि विचारलं, “कहिए, कैसी हैं अब ये?”

बाबांनी तोंड उघडलं. सवयीनं काहीतरी बोलायला निघालेही होते. मग थांबले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही इतका बारीक झाला. “डॉक्टरसाहब,” ते म्हणाले, “इन्हीं से पूछिए.”

डॉक्टरांनी खुर्ची सरकवून आत्याकडं वळवली. आत्या आधी खूप भरभर बोलली, इकडचं तिकडं. मग तिनं मधेच डोळे मिटले, आणि सकाळीविषयी सांगायला लागली. सकाळ कशी असते, म्हणजे गोळी घेतल्यावर कशी असते. ऊन भिंतीवरून उतरताना दिसतं, पण ते आपल्यासाठी उतरतंय असं वाटत नाही. भांड्यांचे आवाज येतात पण ते लांबच्या कुणाच्या घरातले. बाळ गेल्याचंही ती बोलली, जे घरात कुणी तिच्यापुढं काढत नसे. शिपायानं दोनदा दार उघडून आत डोकावलं, दोन्ही वेळा डॉक्टरांनी त्याला हातानं परत पाठवलं. ते लिहीत होते. माझी वहीही त्यांनी पाहिली आणि ठुमकीच्या पानावर जरा थांबले. बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या एका गालावर खुंट होते, आणि ते माझ्यासारखंच हे सगळं पहिल्यांदा ऐकत होते.

गोळी बंद झाली नाही. तशी ती होणार नाही, असं डॉक्टरांनी आत्यालाच सांगितलं, बाबांना नाही. दुसरी दिली, कमी ताकदीची, झोपताना घ्यायची, आणि दर पंधरा दिवसांनी येऊन सकाळ कशी गेली ते सांगायचं. आधी बरेच दिवस त्रासात गेले, मग हळूहळू बसलं. ठुमकी त्यानंतर चार वर्षं जगली आणि म्हातारपणानं गेली. ते निदान शेवटी बाबांचं खरं ठरलं. आत्या उज्जैनला परत गेली नाही. जयेंद्रगंजातच तिनं विणकाम-शिवणाचा वर्ग काढला, तो पंचवीस-एक वर्षं चालला. तेवढ्या काळात तिला दोनदा पुन्हा तसाच त्रास झाला. दोन्ही वेळा घरात कुणाच्याही काही लक्षात यायच्या आत, ती स्वतःच शाल गुंडाळून बाबांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.